दोन खिळ्यांची कमान

अकोल्यातल्या एका शाळेच्या दर्शनी पडवीला पाच कमानी आहेत. त्या मी बांधल्या. वाक्य साधं आहे, पण ते लोकांकडून मान्य करून घ्यायला मला बारा वर्षं लागली आणि समुद्र ओलांडावा लागला. म्हणून ते आधी लिहून टाकतो.

माझा बाप अमरावतीजवळच्या खदानीत दगड फोडायचा. मी चौथीपर्यंत शिकलो आणि अचलपूरच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली चुना कालवायला लागलो. उस्तादाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही की इमारत तोंडाकडून पाहायची नाही, सांध्याकडून पाहायची. तोंड कोणीही रंगवतो. दोन दगड एकमेकांना कसे भेटलेत ते पाहिलं की बांधणारा कोण होता ते कळतं. दुसरी गोष्ट दोन खिळ्यांची कमान. साधा गवंडी फळीवर एक खिळा ठोकतो, त्याला दोरी बांधून अर्धं वर्तुळ काढतो आणि तशी कमान रचतो. उस्ताद वीतभर अंतरावर दोन खिळे ठोकायचा. कमानीची डावी बाजू उजव्या खिळ्यावरून काढायची आणि उजवी बाजू डाव्या खिळ्यावरून. अशा कमानीला माथ्यावर अगदी पुसट टोक येतं. सवय नसलेल्या डोळ्याला ती गोलच वाटते. अचलपूरच्या वेशीखाली उभं करून त्याने मला ते टोक दाखवलं, तेव्हा ते दिसायला मला अर्धा दिवस लागला होता.

शाळेचं काम मिळालं तेव्हा वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं आणि मी ठेकेदार म्हणून नवा होतो. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष अकोल्यातले मोठे वकील होते. तरुणपणी विलायतेत शिकून आलेले, येताना इटली फिरून आलेले. मंडळाला खांबांवर सरळ लांब दगड आडवे टाकलेली पडवी हवी होती. तेवढे लांब दगड आमच्या खदानीत निघत नव्हते, म्हणून मी कमानी सुचवल्या. तिथेच फरशीवर कोळशाने काढून दाखवल्या. वकीलसाहेबांनी मान हलवली आणि आपण इटलीत असंच काहीतरी पाहिलं होतं, फोटोही आहे, असं म्हणाले. तो फोटो त्यांनी मला दाखवला नाही आणि मीही मागितला नाही. माझ्याकडे उस्तादाचे दोन खिळे होते.

उद्घाटनाच्या दिवशी कोनशिलेवरचा पडदा बाजूला झाला. खाली कोरलं होतं की ही कमानपंक्ती अध्यक्षमहोदयांनी इटलीतील फ्लॉरेन्स शहरातून आणलेल्या छायाचित्रावरून बांधण्यात आली. मला वाचता येत होतं, तिथेच घोटाळा झाला. माझ्यासाठी शाल आणि नारळ ठेवला होता. तो न घेता मी उठलो. पायऱ्यांवर वकीलसाहेबांनी मला गाठलं.

"अहो ठेकेदार, एवढं काय मनाला लावून घेता? हात तुमचे, डोकं आमचं. दोघांचं मिळूनच झालं ना?"

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझा राग अमरावती-अकोल्यात सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं ते वाक्य माझ्यापेक्षा पुढे धावलं. पुढे अमरावतीत एका सभागृहाचं काम निघालं तेव्हा मला बोलावलं, आणि बसायच्या आधी टेबलावर एक चित्र ठेवलं. "चित्र समोर असलं की तुम्ही फार छान बांधता असं ऐकलं," म्हणाले. ते काम मी सोडलं. अंजनगाव सुर्जीला तेच, नांदगाव खंडेश्वरला तेच. बाजारात माझं नाव झालं होतं, पण नकल्या म्हणून. वकीलसाहेबांकडे मी तीनदा गेलो आणि तो फोटो दाखवा म्हणालो. तो घरी दिवाणखान्यात आहे, कधीतरी या, असं तीनदा ऐकून आलो. त्यांच्या दिवाणखान्यात मला कोणी नेलं नाही.

माझा मोठा मुलगा शिकून जर्मनीत श्टुटगार्टला एका यंत्राच्या कारखान्यात लागला. महाराष्ट्र होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्याने तिकडूनच जहाजाचं तिकीट पाठवलं आणि लिहिलं की बाबा, या, बर्फाचे डोंगर पाहा, पॅरिस पाहा. मी उलट टपाली विचारलं, फ्लॉरेन्स किती लांब आहे.

माझ्या बायकोने ते पत्र वाचलं. ती अंजनगावची, तोंडाने माझ्यापेक्षा धारदार.

"सारे लोक पोराले भेटाले जातात," ती म्हणाली, "तुमी भांडण कराले समुद्रापार जाऊन राहिले."

खोटं नव्हतं.

कॅमेरा मी अमरावतीतल्या एका फोटोवाल्याकडून मिळवला. त्याच्या अंधाऱ्या खोलीचं छत पाच वर्षं गळत होतं आणि चार गवंडी त्याला फसवून गेले होते. मी म्हणालो, गळती मी काढतो, तुझा जुना कॅमेरा मला दे आणि चालवायला शिकव. तो आठवडाभर नाही म्हणत राहिला. मग एक मोठा पाऊस झाला आणि तो स्वतः घरी आला. शिकवणीत मी आणखी एक अट घातली, रोल भरणं डोळे मिटून जमेपर्यंत शिकवायचं. त्याचं छत आजही कोरडं आहे.

जहाज जिनोआला लागलं. मुलगा न्यायला आला होता. त्याला बारा दिवसांची सुट्टी होती आणि त्याने कागदावर आखणी करून आणली होती, कुठे किती दिवस. फ्लॉरेन्सला अर्धा दिवस. मी स्टेशनवरच्या बाकावर बसलो आणि घासाघीस सुरू केली. पॅरिसचे तीन दिवस मी सोडले. तळ्याचा एक दिवस सोडला. बर्फाच्या डोंगराला मी लांबून नमस्कार करीन म्हणालो. त्याने मिलानचं मोठं चर्च मात्र सोडायला नकार दिला आणि मीही ते मान्य केलं, कारण सौद्यात समोरच्याला एक गोष्ट जिंकू द्यावी लागते. फ्लॉरेन्सला मला चार दिवस मिळाले.

"बाबा, तिथं चार दिवस करसान काय?"

"पाहीन."

"एका इमारतीले?"

"पाच कमानीले बारा वर्षं पाहून राहिलो. हे त चारच दिवस हायेत."

वकीलसाहेब फोटो दाखवत नसले तरी त्या जागेचं वर्णन गावभर सांगत, त्यामुळे ती शोधायला अडचण आली नाही. अनाथ मुलांसाठी बांधलेलं जुनं घर, त्याच्यापुढे चौक, पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर एका ओळीत कमानी. लांबून पाहिलं आणि मी चौकातच थांबलो. ओळ तीच, पायऱ्या त्याच, गोलाई तीच. क्षणभर मला वाटलं की वकीलसाहेब खरे असतील. उस्तादाने दिलेलं काहीतरी मी न कळत इथल्यासारखं वळवलं असेल. मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्याला म्हणालो, पाणी आण. तो गेला आणि मी पायऱ्या चढून कमानीखाली उभा राहिलो, मान वर केली.

कमान एका खिळ्याची होती. अस्सल अर्धं वर्तुळ, माथ्यावर टोकाचा पत्ता नाही. आणि प्रत्येक कमानीत, जिथे ती खांबांवर टेकते त्या उंचीवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत आडवी लोखंडी सळई ताणलेली होती. मी एक कमान पाहिली, दुसरी पाहिली, पडवीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. एकही कमान सळईशिवाय नव्हती, आणि माझ्या पाचांत एकही सळई नाही. मुलगा पाणी घेऊन आला तेव्हा मी एकटाच हसत होतो. त्याला वाटलं ऊन लागलं.

तिथे मी चार दिवस फोटो काढले. मोठ्या माणसांसारखे नाही, गवंड्यासारखे. कमान खांबावर टेकते तो सांधा. सळई दगडात शिरते ती जागा. खांबाचा तळ. पायरीची कड. दगडाचं माप कळावं म्हणून प्रत्येक फोटोत मी मुलाला दगडावर पंजा पसरून ठेवायला लावला. जिथे पंजा पोचत नव्हता, तिथे त्याची छत्री वर धरायला लावली. उस्ताद वितीने मोजायचा, मीही वितीनेच मोजतो. मुलगा जर्मनीतला इंजिनियर, कोट घातलेला, आणि दिवसभर भिंतीला हात लावून उभा.

"बाबा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. बोटं फाकव."

दुसऱ्या दिवशी बाजूच्या अंगणात एक गवंडी झिजलेल्या पायरीचा दगड बदलत होता. माझ्या वयाचा, कागदाची टोपी घातलेला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याची छिन्नी माझ्या छिन्नीसारखीच होती, फक्त दांडा आखूड. त्याने ती छिन्नी माझ्या हातात दिली. बाजूला पडलेल्या तुकड्यावर मी एक सरळ कड काढली. त्याने अंगठा फिरवून पाहिली आणि स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. विलायतेत मला मिळालेला मान एवढाच, पण तो मी शालनारळाच्या वर धरतो.

मी सळईकडे बोट दाखवून खांदे उडवले, म्हणजे हे कशाला. त्याने दोन्ही हात कमानीसारखे जोडले आणि कोपर हळूहळू बाहेर ढकलले. मग एका खांबाला मिठी मारून दाखवली. खांब त्याच्या कवेत सहज मावला. मला कळलं. खांब बारीक आहेत, कमानीचा रेटा त्यांना बाहेर ढकलतो, म्हणून लोखंडाने बांधून ठेवलंय. माझे अकोल्याचे खांब कवेत मावत नाहीत. जाड आहेत म्हणून लोखंड लागलं नाही. हे ज्या माणसाने बांधलं त्याची छाती मोठी होती, एवढंच मी मनात म्हणालो आणि त्या खांबाचेही दोन फोटो घेतले.

मिलानला मुलाने मला चर्चच्या छतावर नेलं. दगडाचंच छत, वर फिरता येतं. मुलगा खालचं शहर दाखवत होता, आणि मी छतावरून पावसाचं पाणी कुठून उतरवलंय ते शोधत होतो. तिथेही फोटो काढले, सगळे पन्हळींचे. त्याने तेव्हा हात जोडले आणि म्हणाला की घरी जाऊन आईला दाखवायला निदान एक फोटो चर्चचा आणि तुमचा घेऊ द्या. मी रोल वाया घालवू दिला नाही. फ्लॉरेन्सलाही मी असाच वागलो होतो. तीच माझी चूक, पण ती कळायला मला अकोल्याला जावं लागलं.

परत आल्यावर साठ फोटो वहीत चिकटवले आणि मंडळाच्या बैठकीच्या दिवशी न बोलावता शाळेत गेलो. वकीलसाहेब आता थकले होते, काठी घेऊन बसले होते. आजूबाजूला मंडळाची चार-पाच माणसं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की तुमच्या फ्लॉरेन्सला जाऊन आलो. तिथली कमान वेगळी, माझी वेगळी. कोनशिलेवरची ओळ खोटी आहे, ती काढा.

त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश पानं उलटली. एक दगड आणि एक पंजा. दुसरा दगड आणि तोच पंजा. अर्धी छत्री आणि वर काळोखात एक रेघ.

"हा हात कोणाचा?"

"माह्या पोराचा."

"आणि ही इटली?"

"हो."

"अहो ठेकेदार, ही बाळापूरच्या नदीकाठची दगडी छत्रीही असू शकते. नाहीतर तुमच्या अमरावतीचा परकोट. यात इमारत कुठे आहे?"

सगळे हसले. मी वही ओढून घेतली आणि पानं चाळली. साठातल्या एकाही फोटोत ती इमारत पूर्ण नव्हती. दारही नाही, चौकही नाही, आकाशही नाही. सगळे सांधे. उस्तादाचं बोलणं मी इतकं पाळलं होतं की साक्षीदार म्हणून निव्वळ दगड घेऊन आलो होतो आणि दगड कुठल्या गावचा ते दगड सांगत नाही. मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत कलंडली. एकजण उठून उभा राहिला, त्याला वाटलं आता हा मारतो.

पण बाजारात मी एक शिकलो होतो. आपल्याजवळ माल नसेल तर समोरच्याच्या गोदामात पाहायचं. मी बसलो, आवाज खाली आणला.

"साहेब, माह्यापाशी पुरी इमारत नाई. तुमच्यापाशी हाये. बारा वर्षं मले सांगून राहिले, दिवाणखान्यात फोटो हाये. मंगवा तो. त्यात जे दिसन ते मले कबूल."

त्यांना नाही म्हणता येईना. त्यांचा स्वतःचा आवडता फोटो, आणि आता सगळ्या मंडळाला पाहायची इच्छा. शिपाई घरी गेला आणि चौकटीसकट घेऊन आला. फोटो मोठा होता, झकास होता. तरुण वकीलसाहेब, डोक्यावर टोपी, एक पाय वरच्या पायरीवर, मागे कमानींची ओळ. मंडळी वाहवा करायला लागली. मी मुलाची छत्री असलेलं पान उघडलं, जिथे सळई दगडात शिरते, आणि ते चौकटीशेजारी ठेवलं.

"साहेब, तुमच्या टोपीच्या वर काय हाये ते पाहा."

त्यांनी चौकट जवळ घेतली. टोपीच्या वर कमानीत एक बारीक काळी रेघ होती. शेजारच्या कमानीतही. त्याच्या शेजारीही. मंडळातल्या एकाने भिंग आणलं आणि मोठ्याने मोजायला लागला. मी म्हणालो की आता बाहेर चला. आम्ही सगळे पडवीत गेलो आणि माना वर करून उभे राहिलो. मी वकीलसाहेबांच्याच काठीने माथ्यावरचं टोक दाखवलं. ते तिघांना दिसलं, एकाला नाही दिसलं, त्याच्यावर मी वेळ घालवला नाही. लोखंड नव्हतं ते मात्र सगळ्यांना दिसलं. बारा पावसाळे झाले होते आणि पाचही कमानींना केसाएवढी चीर नव्हती.

वकीलसाहेब सर्वांत शेवटपर्यंत वर पाहत राहिले. मग ते हळू बोलले.

"तीस वर्षं रोज पाहतो हा फोटो. त्यात मी फक्त मलाच पाहिलं."

मग सौदा सुरू झाला. मंडळ म्हणालं, नवीन कोनशिला बसवू, तुमचंही नाव घालू. मी नको म्हणालो. नवीन दगड आला की जुनं खोटं होतं हे लोक विसरतात. वकीलसाहेबांनी सुचवलं की इटलीचं काढून 'अध्यक्षांच्या प्रेरणेने' एवढं ठेवावं. तेही नको म्हणालो. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव वर आहे, ते राहू द्या. खालची ओळ जाईल, तिथे दुसरं काही येणार नाही, आणि ती ओळ मी माझ्या हाताने काढणार. अर्धा तास वाद चालला. शेवटी ते काठीवर हात ठेवून म्हणाले, काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. वकीलसाहेबांनी पडवीत खुर्ची मागवली आणि शेजारी बसून राहिले. फ्लॉरेन्स हा शब्द गेला, छायाचित्र गेलं, शेवटी पूर्णविरामही गेला. मी दगड घासून गुळगुळीत केला. तिथे आता दोन बोटं रुंदीचा, एक ओळ लांबीचा पन्हळीसारखा खोलगट भाग आहे. नवे मास्तर विचारतात इथे काय होतं, आणि जुने मास्तर सांगतात.

काम संपल्यावर अंगावरची भुकटी झटकत मी त्यांना सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय मला घरी जाता आलं नसतं.

"साहेब, एक हाये. त्याईचे खांब माह्या खांबाहून बारीक हायेत. लोखंड हाये म्हणून कमी नाई ते. तेवढी हिंमत मले झाली नसती."

ते खुर्चीत पुढे वाकले.

"मग हे काल आत का नाही बोललात?"

"काल सौदा चालू होता."

ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर त्या सळईच्या सांध्याचा फोटो मिळेल का म्हणून विचारलं. मी वहीतून काढून दिला. त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. माफी त्यांनी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधी नाही. ती बाकी मी अजून सोडलेली नाही.